सफाई रोजची, बिल कधीचे? सरकारी कंत्राटाचे पैसे मिळवताना

मुंबई, प्रतिनिधी

सरकारी कार्यालये, रुग्णालये, रेल्वे स्थानके, न्यायालयांच्या इमारती, पालिकेची शौचालये आणि वॉर्डातील रस्ते यांच्या साफसफाईची कामे गेल्या दोन-अडीच दशकांत मोठ्या प्रमाणावर कंत्राटी पद्धतीने दिली जाऊ लागली. ही कामे घेणाऱ्यांत शेकडो कामगार असलेल्या कंपन्या आहेत. त्याचबरोबर बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्था, महिला बचत गट आणि दहा-वीस माणसे हाताशी घेऊन धडपडणारे छोटे ठेकेदारही आहेत. मोठ्या कंपनीचे बिल चार महिने अडकले तर तिच्या ताळेबंदातील एक आकडा वाढतो. छोट्या ठेकेदाराचे अडकले तर झाडू मारणाऱ्या बाईच्या घरचे रेशन अडते.

सरकारकडून पैसे उशिरा मिळतात ही तक्रार अर्थातच सफाईपुरती मर्यादित नाही. २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदार संघटनांनी सुमारे ८९ हजार कोटी रुपयांची देयके थकल्याचा दावा करून आंदोलने केली. त्यांत प्रामुख्याने रस्ते, इमारती आणि पाणीपुरवठा योजनांची कामे होती. परंतु रस्ता बांधणाऱ्याकडे दाखवायला रस्ता असतो आणि खुर्च्या पुरवणाऱ्याकडे खुर्च्या असतात. सकाळी सहा वाजता धुतलेले शौचालय दुपारी पुन्हा अस्वच्छ झालेले असते. तीन महिन्यांनी लेखा विभागातील कारकुनाने ‘हे काम झाले याचा पुरावा काय?’ असे विचारले, तर ठेकेदाराकडे कागदाखेरीज काहीच नसते. त्यामुळे सफाईच्या कंत्राटात पैसे मिळण्याचा प्रश्न हा बराचसा कागद वेळेवर तयार करण्याचा प्रश्न आहे. कायदा छोट्या ठेकेदाराच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहे. मात्र तो ज्या तारखांवर उभा आहे, त्या तारखा सिद्ध करण्याची तयारी फार थोडे जण ठेवतात.

बिलाचा प्रवास

राज्य सरकारच्या कार्यालयात ठेकेदाराने दिलेले बिल प्रथम काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे किंवा शाखेकडे जाते. तेथे काम समाधानकारक झाल्याचे प्रमाणपत्र मिळावे लागते. त्यानंतर लेखा शाखा हिशेब तपासते, दंड आणि करांची कपात करते आणि आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या सहीने देयक कोषागाराकडे पाठवते. मुंबईत हे काम अधिदान व लेखा कार्यालय करते. कोषागाराने आक्षेप घेतला नाही, तर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते.

कोषागारात जाण्यापूर्वी एक टप्पा असा आहे, की ज्याची कल्पना नवख्या ठेकेदाराला नसते. संबंधित लेखाशीर्षाखाली त्या कार्यालयाला निधी प्रत्यक्ष वितरित झालेला असावा लागतो. राज्याच्या संगणकीय अर्थसंकल्प प्रणालीवर, म्हणजे ‘बीम्स’वर, रक्कम दिसली नाही तर देयक पुढे सरकत नाही. अर्थसंकल्पात तरतूद असणे आणि निधी हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘साहेबांची सही झाली, पण ग्रँट आली नाही’ हे वाक्य ठेकेदारांना पाठ असते, ते याचमुळे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी एकदम येतो आणि ३१ मार्चपूर्वी बिले निघण्यासाठी झुंबड उडते. या झुंबडीत ज्याचा कागद अपुरा, त्याचे बिल पुढील आर्थिक वर्षात ढकलले जाते आणि तेथून त्याला पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी लागते.

महापालिकांत कोषागार नसते, पण टेबले कमी नसतात. प्रभागातील आरोग्य किंवा घनकचरा विभागाचा निरीक्षक, त्याचे वरिष्ठ, सहायक आयुक्त, लेखा विभाग आणि काही ठिकाणी अंतर्गत लेखापरीक्षण असा प्रवास होतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांत ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेवरून घेतलेल्या कामांत ही वाट थोडी आखीव आहे. ही बाजारपेठ २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी केंद्रीय खात्यांना तेथे उपलब्ध असलेल्या वस्तू व सेवा तेथूनच घेणे बंधनकारक केले. काम स्वीकारल्याचे प्रमाणपत्र तेथे संगणकावर तयार होते आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे देणे अपेक्षित असते. पण हे प्रमाणपत्र तयार करणारा अधिकारीही माणूसच असतो आणि त्याचीही बदली होते.

निवडणुकीच्या आचारसंहितेचे कारणही अनेकदा पुढे केले जाते. पूर्ण झालेल्या कामाचे पैसे देण्यास आचारसंहितेची आडकाठी नसते, हे संबंधितांच्या नम्रपणे निदर्शनास आणून द्यावे.

निविदा भरतानाच

पैसे अडकण्याची बीजे पुष्कळदा निविदेतच पेरलेली असतात. सफाईच्या कामात खर्चाचा सर्वात मोठा वाटा मजुरीचा असतो आणि मजुरीला कायद्याने तळ घालून दिलेला आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा, बोनस, रजा, गणवेश आणि साहित्य यांची बेरीज केली, की दर किती खाली आणता येईल याची मर्यादा स्पष्ट होते. तरीही काम मिळवण्याच्या ईर्ष्येने त्या बेरजेखाली दर भरले जातात. असा दर भरणाऱ्याने पुढे बिलाबाबत कितीही न्याय्य तक्रार केली, तरी त्याची स्वतःची बाजू लंगडी असते. कारण तो कामगारांची संख्या तरी कमी ठेवत असतो किंवा वेतन तरी, आणि या दोन्ही गोष्टी तपासणाऱ्याला ठाऊक असतात.

दुसरी बाब दरवाढीच्या कलमाची. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलत आला आहे. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांत महागाई भत्त्याचे बदल एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होतात. करारात ‘वाढीव किमान वेतनाचा फरक देय राहील’ असे कलम नसेल, तर तीन वर्षांच्या कामात सहा वेळा होणारी वाढ ठेकेदाराच्या खिशातून जाते. निविदापूर्व बैठकीत हा प्रश्न लेखी विचारता येतो. तो विचारल्याने कोणी अपात्र ठरत नाही.

दंडाची कलमेही डोळ्यांत तेल घालून वाचावीत. गैरहजर कामगारामागे अमुक रुपये, अस्वच्छ शौचालयामागे तमुक, तक्रार अमुक तासांत न सोडवल्यास आणखी काही, अशी यादी असते. दंड कोण ठरवणार, ठेकेदाराला तो केव्हा कळवणार आणि बिलाच्या किती टक्क्यांपर्यंत कापता येणार, हे लिहिलेले नसेल तर बिल हाती येईपर्यंत कपातीचा पत्ता लागत नाही.

पंचेचाळीस दिवस केव्हापासून?

छोट्या पुरवठादाराचे सर्वात मोठे शस्त्र म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६. याआधी १९९३ चा विलंबित देयकांवरील व्याजाचा कायदा होता. तो या अधिनियमात विलीन झाला. नव्या कायद्याचा लाभ वस्तूंइतकाच सेवांनाही मिळतो, म्हणजे साफसफाई त्यात येते. पैसे देणारा खरेदीदार सरकारी असो वा खासगी, कायदा भेद करीत नाही. अट एवढीच, की पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उपक्रम असावा. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक व दहा कोटींपर्यंत उलाढाल असणारा उपक्रम सूक्ष्म, आणि पंचवीस कोटींपर्यंत गुंतवणूक व शंभर कोटींपर्यंत उलाढाल असणारा लघु ठरतो. सफाईचे बहुतेक ठेकेदार यात आरामात बसतात.

कलम १५ म्हणते, की करारात ठरलेल्या तारखेपूर्वी पैसे द्यावेत आणि ही मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. लेखी मुदत ठरलेली नसेल तर ती पंधरा दिवसांची. ‘निधी उपलब्ध झाल्यावर पैसे दिले जातील’ असे करारात लिहून घेतले, तरी ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही. या तरतुदी अन्य कायद्यांतील विसंगत तरतुदींवर मात करतात, असे कलम २४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. बँक दर साडेपाच टक्के धरला, तर हे व्याज साडेसोळा टक्के होते. पाच लाखांचे बिल मुदतीनंतर दहा महिने रखडले, तर व्याजच ७३ हजार रुपयांच्या वर जाते.

आता कळीचा मुद्दा. हे दिवस मोजायचे ‘स्वीकृतीच्या दिवसा’पासून. सेवा दिली तो दिवस म्हणजे स्वीकृतीचा दिवस. खरेदीदाराने पंधरा दिवसांच्या आत लेखी आक्षेप घेतला, तर मात्र तो आक्षेप दूर झाल्याचा दिवस धरायचा. पंधरा दिवसांत लेखी आक्षेप आलाच नाही, तर काम स्वीकारले असे कायदा मानतो. अधिकाऱ्याने समाधानकारक कामाचे प्रमाणपत्र दिले की नाही, यावर हे अवलंबून नाही! प्रमाणपत्र महिनोन्महिने न देऊन बिल लांबवणाऱ्या कार्यालयावर हा तोडगा कायद्यातच आहे. पण तो लागू पडण्यासाठी महिन्याचे काम पूर्ण झाल्याचे आपण कधी कळवले, हे दाखवता आले पाहिजे.

म्हणून जुने, जाणते ठेकेदार एक साधी पद्धत पाळतात. महिना संपताच पहिल्या दोन-तीन दिवसांत काम पूर्ण झाल्याचे पत्र दोन प्रतींत घेऊन जायचे आणि एका प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक व तारीख घ्यायची. बिलाचेही तसेच. कारकुनाच्या हातात तोंडी ओळखीवर बिल देऊन येणे, ही या व्यवसायातील सर्वात महागडी सवय आहे. आवक शाखेने शिक्का नाकारला तर तेच पत्र नोंदणीकृत टपालाने किंवा कार्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावे. तोंडी आक्षेप आला, तर ‘आपण आज दूरध्वनीवरून कळवल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून त्याला आपणच लेखी उत्तर द्यावे आणि दुरुस्ती कोणत्या तारखेला केली तेही लिहावे.

या कायद्याचा लाभ घ्यायचा तर उद्यम नोंदणी हवी. जुलै २०२० पासून ती संकेतस्थळावर विनाशुल्क होते. ती केव्हा केलेली असावी, याबाबत न्यायालयीन मतभेद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या प्रकरणात नोंदणीपूर्वीच्या पुरवठ्याला लाभ नाकारला. जानेवारी २०२५ मध्ये एनबीसीसीच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने वेगळे मत व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. शहाण्याने या वादात न पडता निविदा भरण्यापूर्वीच नोंदणी करून घ्यावी. बांधकाम व साहित्यासह केलेल्या एकत्रित कामांना हा कायदा लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटले आहे. निव्वळ साफसफाई ही सेवा असल्याने तिला ही अडचण नाही. पण सफाईबरोबर दुरुस्ती आणि रंगकामही एकाच करारात असेल, तर हा आक्षेप येऊ शकतो.

बिलासोबत काय जोडावे

कामगारांचे सही-अंगठ्याचे किंवा बायोमेट्रिक हजेरीपत्रक, वेतनपत्रक, वेतन बँकेतून दिल्याचे विवरण, भविष्य निर्वाह निधी व राज्य कामगार विम्याची चलाने, व्यवसाय कराची पावती आणि साहित्य पुरवल्याची नोंद एवढे कागद बहुतेक कार्यालये मागतात. राज्य कामगार विम्याचा मालकाचा वाटा २०१९ पासून ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. चलान एकत्रित असेल तर त्यातील कोणते कामगार या कामावरचे, हे दाखवणारी यादी जोडावी. चार ठिकाणी कामे घेणाऱ्यांची बिले नेमकी येथेच परत येतात. हजेरीपत्रकावर कार्यालयाच्या पर्यवेक्षकाची सही रोज घ्यावी. महिनाअखेरीस तीस सह्या एकदम मागितल्या, की समोरच्याच्या हाती अकारण एक कळ जाते. तारीख-वेळ दाखवणारी छायाचित्रे काढण्यास आता काही खर्च येत नाही.

या यादीत एक पेच दडलेला आहे. मागील महिन्याचे वेतन व चलाने भरल्याचा पुरावा दिल्याशिवाय बिल घेतले जात नाही. म्हणजे ठेकेदाराने आधी स्वतःचे पैसे घालायचे, मग मागायचे. चाळीस कामगारांमागे सर्व मिळून दरमहा आठ लाख खर्च येतो असे धरले, तर तीन महिने बिल न मिळाल्यास चोवीस लाख रुपये अडकतात. सुरक्षा ठेव वेगळी. ही ताकद नसलेल्याने एवढे काम घेऊच नये, असा सल्ला देणे सोपे आहे. पण मग बचत गट आणि बेरोजगारांच्या संस्थांना कामे देण्याच्या धोरणाला अर्थ काय, या प्रश्नाचे उत्तर धोरण आखणाऱ्यांनी द्यायला हवे.

पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे उदाहरण येथे आठवते. २००८ मध्ये महापालिकेशी करार करून काम सुरू करताना दारोदारचा कचरा उचलण्याचे शुल्क थेट घरांकडून घेण्याची पद्धत तिने स्वीकारली. त्यामुळे सभासदांची कमाई पालिकेच्या बिलावर पूर्णपणे अवलंबून राहिली नाही. रुग्णालयाच्या किंवा कार्यालयाच्या सफाईला अर्थातच ही सोय नाही.

कराची बाजू

वस्तू व सेवा कराबाबत गोंधळ मोठा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-जी व २४३-डब्ल्यू अंतर्गत पंचायती व नगरपालिकांकडे सोपवलेल्या कामांशी संबंधित निव्वळ सेवा केंद्र व राज्य सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांना दिल्यास त्या करमुक्त आहेत. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन बाराव्या अनुसूचीत असल्याने रस्ते, गटारे, सार्वजनिक शौचालये यांची सफाई यात येते. साहित्याचा वाटा एकूण किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत असला तरी सवलत टिकते. एखाद्या सरकारी कार्यालयाच्या आतील झाडलोटीला मात्र ही सवलत आपोआप लागू होते असे समजू नये. निविदेतील दर करासह की कराविना, हे आधी लेखी विचारून घ्यावे. अन्यथा १८ टक्क्यांचा फटका बसू शकतो.

कर लागू असेल तर तो बीजकाच्या तारखेनुसार भरावा लागतो. सरकारने पैसे दिले नाहीत ही सबब चालत नाही. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा करही ठेकेदाराने आधी भरायचा, तोही सरकारलाच! बिल देताना अडीच लाखांवरील करपात्र कंत्राटात वस्तू व सेवा कराची दोन टक्के आणि आयकराची एक टक्का (कंपनी किंवा भागीदारी संस्था असल्यास दोन टक्के) कपात होते. या रकमा आपल्या खात्यात जमा दिसतात की नाही, हे दर तिमाहीस तपासावे.

एप्रिल २०२४ पासून आयकरात झालेल्या बदलाची येथे गल्लत होते. सूक्ष्म व लघु उपक्रमांचे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च म्हणून दाखवता येत नाही, अशी ही तरतूद आहे. खासगी कंपन्या तिला घाबरतात. सरकारी खाती व महापालिकांना अशा करसवलतीची गरजच नसल्याने त्यांच्यावर हा चाबूक चालत नाही. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांवर तो चालतो. या कंपन्यांची बिले ‘ट्रेड्स’ या व्यासपीठांवर वटवून बँकेकडून आधी पैसे घेण्याची सोयही आहे. राज्य खात्यांच्या व पालिकांच्या बिलांना ती सहसा मिळत नाही.

थकल्यावर काय करावे

पहिली पायरी पत्राची. बिल क्रमांक, आवक तारीख, रक्कम, ४५ दिवस कोणत्या दिवशी संपले आणि तेव्हापासूनचे व्याज एवढे एका पानात मांडलेले पत्र कार्यालय प्रमुखास द्यावे, प्रत लेखा अधिकाऱ्यास. त्यात रागाचा शब्द असू नये. पुष्कळ बिले या पत्रानेच हलतात, कारण व्याजाचा आकडा फाईलवर आला की तो उद्या लेखापरीक्षणात कोणाच्या तरी नावावर पडणार असतो.

दुसरे साधन माहितीच्या अधिकाराचे. ‘बिल का थकले?’ असे विचारू नये. त्यावर उत्तर येत नाही. ‘अमुक क्रमांकाचे देयक कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याकडे आले, त्यावरील टिप्पणी व शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात’ असे मागावे. अर्ज संस्थेच्या नव्हे, तर व्यक्तीच्या नावाने करावा, कारण २००५ च्या कायद्याने हा अधिकार नागरिकाला दिला आहे. उत्तराची मुदत तीस दिवसांची.

त्यापुढे सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषद. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘समाधान’ या संकेतस्थळावर अर्ज दाखल करता येतो. परिषद आधी सामोपचाराचा प्रयत्न करते. तो फसला तर लवाद म्हणून निवाडा देते. करारात दुसऱ्याच लवादाचे कलम असले तरी परिषदेकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाकाली फूड्सच्या प्रकरणात स्पष्ट केले. पुरवठादार जेथला, तेथली परिषद अधिकार चालवते, हा मोठा दिलासा आहे. दिल्लीच्या कार्यालयाविरुद्ध कोल्हापूरच्या ठेकेदाराला दिल्लीस जावे लागत नाही. निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी न्यायालयात भरावी लागते आणि न्यायालय त्यातील काही भाग पुरवठादाराला देऊ शकते. नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित असला, तरी प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक वेळ लागतो.

रक्कम कार्यालयाने लेखी मान्य केलेली असेल आणि तथ्यांबद्दल वाद नसेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिकाही करता येते. २००४ च्या एबीएल इंटरनॅशनल निकालाचा त्यासाठी आधार घेतला जातो. दिवाणी दाव्यापूर्वी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कोणताही मार्ग घेतला तरी तीन वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवावी. ‘पुढच्या ग्रँटमध्ये नक्की’ या आश्वासनांत तीन वर्षे निघून गेल्यावर बाजू बळकट असूनही दावा हातचा जातो.

हे सारे मार्ग असताना ठेकेदार ते का वापरत नाहीत? पुढचे काम मिळणार नाही ही भीती त्यामागे असते आणि ती निराधार नाही. त्याच भीतीवर ‘टक्केवारी’ पोसली जाते. येथे २०१८ चा बदल लक्षात घ्यायला हवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार केली तरच संरक्षण मिळते. ‘द्यावेच लागतात’ हा बचाव आठव्या दिवशी संपतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे.

बिल नाही, म्हणून पगार नाही?

सरकारने दिले नाहीत म्हणून कामगारांना दिले नाहीत, असे ठेकेदार सांगतात आणि ऐकणाऱ्याला ते पटतेही. कायद्याला पटत नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत देण्याची जबाबदारी ठेकेदाराची आहे आणि ती बिलाशी जोडलेली नाही. त्याने ती पार पाडली नाही, तर ज्याच्यासाठी काम चालले आहे त्या प्रधान नियोक्त्याने वेतन द्यावे व ते ठेकेदाराकडून वसूल करावे, असे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा सांगत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत सामावला. तत्त्व मात्र कायम राहिले. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पन्नास किंवा अधिक कामगारांच्या ठेकेदारांना लागू असल्या, तरी वेतन संहितेने आस्थापनेच्या मालकावर टाकलेली जबाबदारी त्याखालील संख्येलाही लागू होते. म्हणजे महिनोन्महिने बिल रखडवणारे सरकारी कार्यालयच कामगारांच्या थकलेल्या पगाराला उत्तरदायी ठरू शकते. कामगार राज्याच्या कामगार आयुक्तालयाकडे, आणि रेल्वे, बंदरे किंवा केंद्रीय आस्थापनांत केंद्रीय कामगार आयुक्त यंत्रणेकडे तक्रार करू शकतात. तक्रारीसाठी वेतनचिठ्ठी आणि ओळखपत्र नसले, तर बँकेचे पासबुक व हजेरीची छायाचित्रे उपयोगी पडतात.

या तरतुदीचा प्रामाणिक ठेकेदारालाही उपयोग आहे; तो क्वचितच केला जातो. दोन-तीन बिले थकून हात टेकण्याची वेळ आली, तर ‘माझ्या प्रलंबित देयकातून कामगारांचे वेतन थेट त्यांच्या खात्यांत जमा करावे’ असे वेतनपत्रकासह लेखी कळवावे. बिलातून तेवढी रक्कम कमी होते, पण कामगार टिकतात, काम बंद पडल्याचा दंड टळतो आणि विलंब कोणामुळे झाला याची नोंद फाईलवर राहते. निम्म्या कामगारांना पगार देऊन निम्म्यांना ‘पुढच्या आठवड्यात’ सांगणे यापेक्षा ते पुष्कळ बरे.

ठेकेदार हा नावापुरताच मधला माणूस असेल, तर प्रकरण वेगळ्याच वळणावर जाऊ शकते. मुंबई महापालिकेच्या घनकचरा विभागातील २,७०० कंत्राटी कामगारांच्या बाबतीत औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये कंत्राट दिखाऊ असल्याचे मानून त्यांना कायम करण्याचा आदेश दिला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कामगारांच्या बाजूने निकाल दिला.

ठेव परत घेताना

कंत्राट संपले की अनेकांचे लक्ष नव्या निविदेकडे जाते आणि सुरक्षा ठेव मागे राहते. ती आपोआप परत येत नाही. शेवटचे बिल देतानाच ठेव परतीचा अर्ज द्यावा आणि त्यावरही आवक शिक्का घ्यावा. सोबत शेवटच्या महिन्यापर्यंतची चलाने, सर्व कामगारांची देणी दिल्याचे विवरण, परत केलेल्या सरकारी साहित्याची यादी आणि कार्यालयाचे ना-हरकत पत्र जोडावे लागते. बँक हमी दिली असेल, तर तिची मुदत संपण्याच्या तारखेवर नजर ठेवावी; कार्यालयाने मुदतवाढ मागितल्यास कारण लेखी मागावे. काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होण्याआधी ना-हरकत पत्र मिळवणे श्रेयस्कर, कारण नंतर आलेला अधिकारी आपण न पाहिलेल्या सफाईवर सही करण्यास सहसा राजी होत नाही.